कुंभारगावचे थांबलेले चाक

पूर्वी वाराणसीत एक धर्मशील राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व एका व्यापाऱ्याच्या घरी जन्माला आला आणि वयात आल्यावर गाड्यांचा तांडा घेऊन गावोगाव हिंडू लागला.

त्याच्या वाटेवर कुंभारांचे एक गाव होते. तिथले तरणे पुरुष विटा पाडायला राजधानीकडे गेले ते गेलेच. मागे उरल्या बायका, मुले आणि गावचा म्हातारा ज्येष्ठ भद्रक. माती मळणे, मडक्यांवर नक्षी काढणे, भट्टी लावणे ही कामे बायकांचीच. पण चाकाला बाईने हात लावायचा नाही, असा रिवाज. भद्रकाचे हात तर थरथरू लागलेले. चाके थांबली आणि एकेक घर ओस पडू लागले.

बोधिसत्त्वाला फार वाईट वाटले. भद्रकाजवळ बसून तो म्हणाला, "आजोबा, बायकांना चाकावर बसू द्या. मडकी त्यांनी घडवावीत, माझ्या गाड्यांनी बाजारात न्यावीत. धंदा दोघांचा, त्यात शब्दही दोघांचा चालेल."

शेजारीच भद्रकाची सून श्यामा माती मळत होती. तिचे हात थबकले.

"छे, छे! चाकाला बाई शिवली की भट्टी फुटते," भद्रक म्हणाला.

"मामंजी, फुटायला भट्टी आधी पेटायला तर हवी!" श्यामा बोलून गेली.

म्हाताऱ्याला ते झोंबले. "वर्षभर विचार करतो," तो तोऱ्यात म्हणाला. वडीलधाऱ्याचा मान म्हणून बोधिसत्त्वाने ऐकले आणि गाड्या पुढे गेल्या.

झाले! त्या वर्षात आणखी नऊ घरे उठली. श्यामाही परगावी दळणकांडण करायला गेली. रिकाम्या अंगणात बसून भद्रकाचे डोळे उघडले. बोधिसत्त्व परतताच त्याने स्वतः चाके बाहेर काढली आणि उरलेल्या सात बायकांना शिकवायला बसला. भट्टी लागली, फुटली नाही. गाव तगले.

मग तो धावतपळत सुनेकडे गेला. "चल पोरी, तुझं चाक ठेवलंय."

श्यामेने उजवा हात पुढे केला. मुसळाखाली सापडून बोटे कायमची वाकडी झाली होती. "मामंजी, हेच वर्षापूर्वी का नाही हो म्हणालात?"

म्हातारा ढसाढसा रडला.

एवढी कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, त्या जन्मीचा भद्रक म्हणजे आज वडीलकीचा हट्ट धरून बसलेला हा वृद्ध भिक्षू, स्थविर गोमिल. श्यामा ही भिक्षुणी सुवर्णा. आणि तो व्यापारी मी. पण दोष एकट्या भद्रकाचा नव्हता. श्यामा हातभर अंतरावर बसली होती आणि मी तिला विचारलेच नाही. त्या जन्मी माझ्यापाशी करुणा होती. प्रज्ञा अजून यायची होती."