आबांचे गुडघे आणि हलगीचा ठेका

कोल्हापूरच्या उदाजीराव आबांनी शर्यतीच्या गाडीच्या इंजिनात व्हॉल्व्ह भराभर उघडणारा नवा कॅमशाफ्ट बसवला. ते मिटवणाऱ्या स्प्रिंगा मात्र जुन्याच ठेवल्या. "खानदानी स्प्रिंगा आहेत, माझा हुकूम मोडायच्या नाहीत!"

गाडी चालवणार होती पुतणी संयोगिता. भर वेगात जुन्या स्प्रिंगा मागे पडतील आणि इंजिन फुटेल, या धास्तीनं तिला घास गोड लागेना.

"नव्या स्प्रिंगा का हव्यात, ते इंजिन न उघडता पटवून दे," आबा गरजले.

तिनं हलगीवाला बोलावला. "आबा, दर ठोक्याला बसून उठायचं."

आबा मिशीला पीळ देत उभे राहिले. हलगी कडाडली, वेग वाढला आणि आबा बसले ते बसलेच. "अगं, ठेका नवा, गुडघे जुने! कसं जमायचं?"

"रविवारच्या शर्यतीत इंजिन मला हेच विचारणार आहे, आबा."

आबांनी बसल्या जागेवरूनच नव्या स्प्रिंगा मागवल्या.