पहिल्या खेळीआधीची हार

"मी पहिली खेळी करायच्या आत मला हरवून दाखव, पोरी. तर तुझा बाप इथं राहील!" राजा प्रतापभानू येसूला म्हणाला.

तिचा बाप भिवबा राजवाड्यात बुद्धिबळाचा पट मांडायचा. पहिलं प्यादं कोणतं सरकवावं, याचा विचार करत महाराज दुपारपर्यंत डोळे मिटून बसायचे. एकदा भिवबाच्या तोंडून निसटलं, की यांचं प्यादं हलेतो माझ्या मिशा पिकतात. झालं! राज्याबाहेर चालता हो, असा हुकूम सुटला. लेकीने गयावया केली, तेव्हा राजाने ही अट घातली.

येसूने एकच मागितलं, सोंगट्या तिच्या घरच्या हव्यात. राजा म्हणाला, आण खुशाल, शेणाच्या आण.

दुसऱ्या दिवशी श्रावणी सोमवार. राजाचा उपास, सांजेपर्यंत फराळाचं तेवढं चालायचं. येसूने पहाटे न्हाऊन महादेवाला बेल वाहिला, हात जोडले आणि चूल पेटवली. काळ्या सोंगट्या तिने लाकडाच्याच ठेवल्या. राजाच्या पांढऱ्या मात्र ओल्या खोबऱ्याच्या, साखरेत आटवून वळलेल्या, वर वेलदोड्याची पूड.

राजाच्या हाताशी रोज खजुराची वाटी असे. आज भिवबा ती ठेवायला विसरला. विसरायचं लेकीने बजावलंच होतं.

महाराजांनी डोळे मिटले. हात सवयीने वाटीकडे गेला, वाटी सापडेना, तसा पटावर आला. एक प्यादं तोंडात गेलं. बरं लागलं. मग दुसरं, मग घोडा. प्रधानजी सावध करायला तोंड उघडणार, तोच येसूने घरून आणलेला एक जादा उंट त्यांच्या तळहातावर ठेवला. प्रधानजी चावत गप्प बसले.

बऱ्याच वेळाने राजाने डोळे उघडले. "सुचली! राजापुढचं प्यादं दोन घरं..."

समोर त्याची बाजू मोकळी.

"प्यादं कुठं गेलं?"

"आपल्या पोटात, महाराज."

"आणि राजा?"

"वजिराच्या मागोमाग तोही गेला. मी तर अजून बोटही हलवलं नाही. राजा पटावर नसला की हार, हा नियम आपलाच."

राजाने मिशीवरचं खोबरं चाचपलं. "अगं, पण माझा उपास?"

"तो कसा मोडू देईन? सगळं उपासाचंच आहे. हरलात तो फक्त डाव."

राजा इतका हसला, की काळ्या सोंगट्याही लवंडल्या. भिवबाचं काम राहिलं, येसूला नदीकाठची नारळाची बाग मिळाली. वर हुकूम निघाला, की दर सोमवारी पांढऱ्या सोंगट्या तिनेच कराव्यात.

"राजे मात्र दोन करत जा," महाराज म्हणाले. "एक खेळायलाही लागेल!"