मर्यादवेलीची कांडी

केवणवाडीत माडांची रांग संपून जिथे वाळूची पुळण सुरू होते, तिथे एका उंडीच्या झाडाखाली श्री वाळूबुवा महाराज राहत. मठ नाही, गादी नाही, अंगावर एक कांबळं. महाराज सदा दर्याकडे तोंड करून बसत. कुणी कारण विचारलं, तर हसून म्हणत, "अरे, शेजारी आहे तो आपला. शेजाऱ्याकडे पाठ करून बसावं का?"

पण भाविकहो, हा शेजारी त्या काळी गावावर रुसला होता. दर पावसाळ्यात तो किनारा खरवडून नेई. माडामागून माड मुळं उघडी टाकून आडवे झाले. म्हाताऱ्यांनी लहानपणी जिथे सावलीत डाव मांडले होते, तिथे आता होड्या तरंगत. लाटा आणि गावाची बाव यांच्यामध्ये उरला होता वाळूचा एक उंचवटा. बाव म्हणजे विहीर. साऱ्या वाडीत गोडं पाणी तेवढ्या एकाच जागी. त्यात खारं शिरलं, की गाव उठलं म्हणूनच समजा!

सुकी मासळी विकून पोट भरणाऱ्या येसूचं घर अशाच एका उधाणात गेलं. ती रडत महाराजांकडे आली. महाराजांनी तिच्या हातात मर्यादवेलीची एक कांडी ठेवली. वाळूवर पसरणारी, जांभळ्या फुलांची ही वेल किनाऱ्यावर कुठेही उगवते, तिचं कुणाला काय कौतुक? महाराज म्हणाले, "येसू, तुझं घर गेलं. आता गावाचं घर सांभाळ. रोज उंचवट्यावर एक कांडी लाव, बावीचं ओंजळभर पाणी घाल आणि देवाचं नाव घे."

कशाला, असं येसूनं विचारलं नाही. ताप असो, पाऊस असो, तिची कांडी चुकली नाही. वर्षं गेली आणि सारा उंचवटा हिरवागार झाला.

गावचे खोत दाजीबा माणूस वाईट नव्हते, पण ताठा केवढा! आपली माडांची वाडी वाचवायला त्यांनी जांभ्या चिऱ्यांचा बांध घातला. भरावाला वाळू हवी, ती हाताशी होती त्या उंचवट्याची. आषाढ अमावास्येच्या आदल्या दिवशी गडी लावून त्यांनी सारी वेल उपटून टाकली आणि वाळू ओढायला सुरुवात केली.

येसू धावत आली. "खोतांनू, पाया पडतंय! बावीची राखण आसा ती!"

खोत मोठ्यानं हसले. "वेलीनं दर्या अडतो? मग शेळीच्या दाव्यानं वाघ बांधायला काय हरकत आहे? जा, मासळी वीक!"

गडीही हसले. येसू तशीच महाराजांपाशी गेली आणि पायांवर कोसळली. "म्हाराजा, सगळा गेला! इतक्या वरसांची सेवा मातयेक मिळाली!"

महाराज शांतपणे म्हणाले, "उपटणं त्याच्याकडे, लावणं तुझ्याकडे. त्यानं त्याचं काम केलं. तू तुझं का थांबवलंस?"

येसूनं डोळे पुसले. फेकलेल्या वेलींचे कोवळे शेंडे खुडून घेतले आणि उरल्यासुरल्या वाळूत एकेक कांडी रोवत, पाणी घालत, नाव घेत ती संध्याकाळपर्यंत खपली. सकाळी पुन्हा तेच. खोत बांधावरून ओरडले, "अगं वेडे, मुळं धरायला पंधरवडा लागतो! तोवर दर्या काय तुझी वाट बघत बसणार आहे?"

आणि खरोखरच, दर्या थांबला नाही. दुपारच्या भरतीला आभाळ काळवंडलं, वारा सुटला, माडांएवढ्या लाटा उठल्या. पहिल्या तडाख्याला खोतांचा बांध हलला, दुसऱ्याला फुटला. चिरे वाहून गेले. जिवाच्या भीतीनं खोत बावीकडे पळत सुटले. सारा गाव तिथेच जमला होता. पाणी वाळू कापत वर येत होतं. बायका बावीच्या काठाला मिठी मारून रडत होत्या.

महाराज उठले, सावकाश चालत आले. "येसू, गावाच्या वतीनं दर्याला गाऱ्हाणं घाल."

"मी?" येसू घाबरली. "गाऱ्हाण्याचो मान खोतांचो, म्हाराजा."

"वेलीला पाणी घातलंस ना तू? मग बोल."

येसूनं पदर खोचला, दर्याकडे हात जोडले. "बा देवा समुद्रा म्हाराजा! माजा घर तू नेलंस, मी काय बोललंय नाय. पण ह्या पाणी सगळ्या लेकरांचा आसा. ता गोडा ऱ्हवांदे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव एका तोंडानं ओरडला. खोतांच्याही तोंडून तेच निघालं.

भली थोरली लाट आली. लोकांनी डोळे मिटले. ती उंचवट्यावर चढली, वेलीच्या पहिल्या ओळीपाशी आली, तिनं पानांवर फेस ठेवला आणि ती मागे फिरली. पुन्हा आली, पुन्हा तिथूनच फिरली. भरती उतरेपर्यंत हेच चाललं होतं. धन्य ती माउली, धन्य तिची सेवा!

वारा पडल्यावर खोतांनी बावीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. गोड! तरी मन मानेना. उंचवट्यावर जाऊन त्यांनी एक कांडी ओढून पाहिली. ती अलगद हातात आली. दुसरी ओढली, तीही आली. टोकाला मुळाचा तंतूसुद्धा नव्हता.

खोतांनी ती कांडी महाराजांपुढे धरली. "महाराज... हिला तर मूळच नाही. मग धरून कुणी ठेवलं?"

"ज्याचं नाव घेऊन ती लावली, त्यानं," महाराज म्हणाले.

खोतांनी पागोटं काढून वाळूत ठेवलं आणि महाराजांपुढे डोकं टेकलं. महाराज हळूच बाजूला झाले. खोतांनी मान वर केली, तर समोर येसू उभी, पदरात उरलेल्या कांड्या घेऊन. गावादेखत त्यांनी पुन्हा डोकं टेकलं.

येसू संकोचून मागे सरली. "उठा, खोतांनू. हातातली कांडी आदी लावा, नायतर सुकतली."

दाजीबा खोतांनी दोन्ही हातांनी वाळू उकरली, कांडी रोवली, बावीचं पाणी घातलं आणि देवाचं नाव घेतलं.