अर्धे त्र्यंबकशेठ

एकदा एका वृद्ध चित्रकाराने, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, कोळशाची कांडी बाजूला ठेवली आणि टॅब्लेट हाती घेतला. गाव त्यांना गुरुजी म्हणे, तरी हसले. गुरुजी म्हणाले, "डोळे अधू झालेत. या पाटीवर माणसाचं नाक हवं तेवढं मोठं करून बघता येतं. हसा तुम्ही." टॅब्लेटला ते पाटीच म्हणत.

त्यांच्याकडे ऋजुता नावाची शिष्या हुबेहूब व्यक्तिचित्रे काढायला शिकत होती. हात उत्तम, बुद्धी तल्लख. धीर मात्र चहाला उकळी येईपर्यंतही न टिकणारा. अशा माणसाच्या हाती कष्ट वाचवण्याची युक्ती लागली, की देवच तारणहार.

तिला पहिले काम मिळाले ते पितळी भांड्यांचे व्यापारी त्र्यंबकशेठ यांच्या चित्राचे. शेठजींच्या साठीनिमित्त ते घरात लागायचे होते, म्हणून पसंतीचा अधिकार शेठाणीबाईंचा. ऋजुताच्या वडिलांनी बजावले होते, "चित्र पसंत पडलं तर शीक पुढे. नाही पडलं, तर सोमवारपासून मामाच्या फरसाणाच्या कारखान्यात पाकिटं चिकटवायची." मामाने केस झाकायची टोपीसुद्धा आणून ठेवली होती.

ऋजुता शेठजींचा फोटो समोर ठेवून पाटीवर कामाला लागली. शेठजींचा उजवा गाल, उजवा डोळा, उजवी अर्धी मिशी, मिशीतला प्रत्येक पांढरा केस. अर्धा चेहरा पुरा व्हायला अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी तिला कंटाळा आला. तिने तो अर्धा चेहरा बोटाने उचलला, उलटा केला आणि दुसऱ्या बाजूला चिकटवून दिला. अकरा दिवसांचे काम अकरा क्षणांत झाले. गालावरचा तीळ तेवढा दोन्हीकडे आला, तो एकीकडचा पुसून टाकला. आपल्या हुशारीवर ती बेहद्द खूश झाली.

रविवारी शेठजींच्या दिवाणखान्यात गुरुजींच्या देखत, मोठे छापून आणलेले चित्र दाखवण्यात आले. शेठजी हरखून म्हणाले, "वा! मी इतका देखणा आहे हे मला आजवर कुणी बोललं नाही!"

शेठाणीबाईंनी चष्मा लावला, पुसला, पुन्हा लावला. "चित्र सुरेख आहे गं. पण हे कोण?"

"अहो, मीच की!"

"तुम्ही गप्प बसा. इतकं गोड हसणारा माणूस छत्तीस वर्षांत या घरात आलेला नाही."

ऋजुताच्या डोळ्यांपुढे ती टोपी नाचू लागली. गुरुजी मात्र उठले, खांद्यावरचे उपरणे काढले आणि अर्ध्या चित्रावर पांघरले. चित्राला थंडी वाजते की काय, असे शेठजींना वाटले.

"वहिनी, आता बघा. हे कोण?"

"हे आमचेच. गिऱ्हाईक आलं की असेच दिसतात."

गुरुजींनी उपरणे दुसऱ्या बाजूला सरकवले. "आणि हे?"

"हा कोणीतरी तोतया!"

ऋजुताने मान खाली घातली आणि सगळे कबूल करून टाकले. गुरुजी रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "अगं, चेहऱ्याच्या दोन बाजू म्हणजे एका घरातल्या दोन जावा. एक चारचौघांत हसते, दुसरी आत काम उपसते. तू एकीला भेटलीस आणि दुसरीही तशीच असणार असं ठरवून मोकळी झालीस. फोटोत ती तुझ्यासमोरच होती, तरी तिच्याकडे तू बघितलं नाहीस. तुझ्या हातात खोट नाही. पाहिलेल्याच्या जोरावर न पाहिलेलं भरून काढलंस, खोट ती आहे. उद्या दुकानात जा आणि शेठजींच्या डाव्या हाताला बस. पाटी पिशवीतच राहू दे."

शेठाणीबाईंनी पंधरा दिवसांची मुदत दिली. वडिलांनीही कुरकुरत सोमवार पुढे ढकलला.

ऋजुता तीन दिवस नुसती बघत बसली. शेठजी प्रत्येक नवे भांडे डाव्या कानाशी धरत, त्यावर बोटाने टिचकी मारत आणि नाद पुरता विरेपर्यंत ऐकत राहत. त्या वेळी मान डावीकडे कलायची, डावा डोळा बारीक व्हायचा, ओठाचा डावा कोपरा आवळला जायचा. नादात खोट असली तर भांडे परत. इतक्या वर्षांच्या त्या ऐकण्याने डाव्या गालावर एक खोल वळी पडली होती. उजवी बाजू तेवढा वेळ गिऱ्हाइकाकडे बघून हसत असायची. असला नामी चेहरा आपण पुसून टाकला होता, या विचाराने तिला स्वतःचीच लाज वाटली. चौथ्या दिवशी तिने पाटी बाहेर काढली.

दुसरे चित्र पाहून शेठजींचे तोंड उतरले. "पहिल्यात मी बरा होतो," ते पुटपुटले आणि मागे जाऊन उभे राहिले.

शेठाणीबाई चष्मा पुसून चित्रासमोर उभ्या राहिल्या. मग बाई चित्राला म्हणाल्या, "अहो, पुरे झालं ते वाजवून बघणं. चांगलंच आहे भांडं. पानं वाढलीत, जेवायला चला."

आणि मागून शेठजी म्हणाले, "आलो, आलो."

गुरुजींनी शिष्येकडे पाहिले.

ज्यांना आपण पुरते ओळखतो म्हणतो, त्यांची दुसरी बाजू आपण पाहिली आहे की नुसती चिकटवली आहे, हे ज्याने त्याने आपापल्या घरी तपासून घ्यावे.