मोकाट कुंपण

रंगराव सरपंचांना दोनच गोष्टींचा राग येई: खोटेपणाचा आणि शेजारच्या केराबाईंच्या कोंबड्यांचा. पहिला राग ते भाषणापुरता ठेवत. दोन्ही परसांमधलं काटेरी कुंपण मात्र दर उन्हाळ्यात स्वखर्चानं नवं घालत. केवढं ते मोठं मन!

एके सकाळी त्यांनी पंचांना आपल्या परसात बोलावलं आणि केराबाईंना दरडावलं, "तुझ्या कोंबड्या रोज माझ्या हद्दीत घुसतात. आज बंदोबस्त कर, नाहीतर सगळ्या जप्त!"

"करते की," केराबाई म्हणाल्या. "पण त्या येतात कशाला, ते तरी बघू."

त्यांनी खुराडं उघडलं. कोंबड्या कुंपणाखालून सरळ सरपंचांच्या परसात शिरल्या, तिथल्या जुन्या दगडी डोणीतलं पाणी प्यायल्या आणि पुढं पाऊलही न टाकता माघारी वळल्या.

"सरपंच, ही डोण कुणाची?"

"माझ्या परसात आहे, म्हणजे माझीच!"

"तुमच्या घरात कधी कुणी कोंबडी पाळली नाही. मग कोंबड्यांच्या पाण्याची डोण कशाला ठेवलीत?"

सरपंच मिशीला पीळ देत राहिले. एक म्हातारे पंच हळूच म्हणाले, "ही तर केराच्या सासूची डोण. तिच्या परसाच्या मधोमध असायची."

"अजून तिथंच आहे, काका," केराबाई म्हणाल्या. "जड म्हणून ती हलली नाही. माझ्या कोंबड्यांना त्यांची हद्द बरोबर कळते, सरपंच. तुमचं कुंपणच मोकाट सुटलंय, तेवढं बांधून घाला."