चाच्यांचा पट

देवशेतच्या राजेसाहेबांनी समुद्री चाच्यांचा एक नवा खेळ करवून घेतला. शिसवी पट, त्यावर निळ्या मिन्याचा समुद्र आणि हस्तिदंती गलबतं. पाहणाऱ्याची नजर हटत नसे. राजांनी हुकूम सोडला, राजवाड्यात यापुढे हाच खेळ खेळायचा. आणि त्यांच्या चुलतीचा, काकीसाहेबांचा, सारीपाट माळ्यावर टाकायला लावला.

काकीसाहेबांनी दोन महिने कसेबसे सोसले, मग मात्र त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तरातरा भर दरबारात आल्या.

"राजे, तुमचा हा खेळ अळणी आहे! दोन महिने ही माणसं जांभया गिळत खेळताहेत."

"सगळे तर वाहवा करतात," राजे हसले. "सिद्ध करा, नाहीतर माफी मागा."

"मग सांगा, या दोन महिन्यांत रडी कोण खेळलं? कुणी गलबत लपवलं? कुणी दान खोटं मोजलं?"

"एकानंही नाही!" राजांनी मिशीवर ताव दिला.

"चाच्यांचा खेळ, आणि चोरी कुणालाच करावीशी वाटली नाही?" काकीसाहेब कडाडल्या. "सारीपाटात तुम्ही स्वतः मांडीखाली सोंगटी दडवलीत. मी पकडली, तर रागानं जेवला नव्हतात! जिंकायची हौसच नसेल, तर रडी कोण कशाला खेळेल?"

दरबारात कुणीतरी फिस्सकन हसलं.

संध्याकाळी सारीपाट माळ्यावरून खाली आला. दुसऱ्याच डावात राजांचा हात हळूच मांडीखाली गेला, आणि एरवी त्यांच्यापुढे मानही वर न करणारे दिवाणजी खेकसले, "महाराज, सोंगटी काढा बाहेर!"