कपाटातले सौर पॅनेल

एकदा एक तरुण दूरदेशी ऊर्जाविद्या शिकून मायदेशी परतला आणि शिक्षक घडवणाऱ्या एका वृद्ध आचार्यांचा शिष्य झाला. उन्हापासून वीज कशी होते हे गावोगावच्या शिक्षकांना शिकवायचे, त्यांनी ते मुलांना शिकवायचे, आणि एका पिढीत गावे आपली वीज आपणच करू लागतील, हा त्याचा ध्यास. शिक्षकांची पहिली तुकडी त्याने शिकवून पाठवली होती. दुसरी उद्या यायची होती. ती आचार्य आपल्या हाती देतात की नाही, या विचाराने त्याला अन्न गोड लागेना. आचार्य एवढेच म्हणाले, "आधी पेरलंस ते कसं उगवलंय, बघून येऊ."

दोघे एका शाळेत गेले. तिथल्या गावित बाई पहिल्या तुकडीत पहिल्या आलेल्या. वर्गातल्या काचेच्या कपाटात सौर पॅनेल उभे होते. त्याला झेंडूचा हार, चौकटीच्या कोपऱ्यावर हळदकुंकू. मुले हाताची घडी घालून लांब उभी राहिली आणि पॅनेलची व्याख्या त्यांनी एका सुरात, एकही शब्द न अडखळता म्हणून दाखवली. शिष्याचे डोळे भरून आले.

"सर, तुम्ही दिलंत तस्संच ठेवलंय. एक ओरखडा नाही," बाई अभिमानाने म्हणाल्या. "मुलांना कपाटाजवळ फिरकूच देत नाही. एकेक असा आहे ना, घड्याळ हातात दिलं तर काटे काढून दात कोरेल."

आचार्य हसले. "बाई, जरा बाहेर उन्हात आणता?"

बाईंनी हाताला पदर गुंडाळून पॅनेल अलगद बाहेर आणले. आचार्यांनी ते पोत्यावर ठेवले, वर आपले उपरणे पांघरले, शाळेच्या स्वयंपाकखोलीतून वरवंटा आणला, आणि कोणाला काही कळायच्या आत पॅनेलच्या कोपऱ्यावर हाणला.

काच कचकन तडकली. आपल्याच छातीवर घाव बसावा तसा शिष्य मागे सरकला. बाई मटकन पायरीवर बसल्या.

"गुरुजी, आता वरच्यांना मी काय उत्तर देऊ?"

"एका म्हाताऱ्यानं फोडलं म्हणून सांगा. माझ्याकडे पाठवा त्यांना."

"आचार्य, हे काय केलंत तुम्ही?" शिष्य म्हणाला. "किती दारं झिजवून मिळवलं होतं हे."

आचार्यांनी उपरणे दूर केले. काचेवर कोळ्याचे जाळे विणावे तशा रेघा उमटल्या होत्या. बाई हळूहळू जवळ आल्या, वाकल्या, आणि दबक्या आवाजात त्यांनी विचारले, "आता हात लावला तर चालेल का?"

शिष्य त्यांच्याकडे वळला. "म्हणजे? याआधी कधी लावलाच नव्हता?"

"नाही सर. शिकवताना तुम्हीच पॅनेलभोवती दोरी बांधली होतीत ना? नाजूक आहे, पलीकडूनच बघा म्हणालात. परीक्षा तर तोंडीच होती."

शिष्याला वरवंट्याचा घाव यापुढे काहीच वाटला नाही.

"ऐकलंस?" आचार्य मृदू स्वरात म्हणाले. "तोंडानं तू वीज शिकवलीस आणि त्या दोरीनं भीती. बाईंनी दोन्ही इमानानं मुलांपर्यंत पोचवलं. शिक्षक स्वतः जसा शिकतो ना, तसाच पुढे शिकवतो. मोडेल या धास्तीनं यांचे हात बांधलेले होते. मोडायचं ते आता मोडलं, आणि दोष माझ्या माथी आला. बाई, तडकलेला कोपरा सोडून धरा बरं."

बाईंनी पॅनेलसोबत आलेले खोके आणून त्यातला छोटा पंखा काढला; त्याची प्लास्टिकची पिशवी आज प्रथमच फाटली. पॅनेल उन्हाकडे कलते करून त्यांनी तारा जोडल्या. काच फुटली तरी आतले पुष्कळसे शाबूत होते. पंखा फिरू लागला. मुलांची रांग मोडली आणि त्यांचा गराडा पडला.

"बाई, वारा तर मागं जातोय," एक मुलगी म्हणाली.

बाईंनी शिष्याकडे पाहिले. उत्तर त्याच्या जिभेच्या टोकावर होते. एका वाक्याचे काम. त्याने ओठ घट्ट मिटले. ते त्याला फार जड गेले. बाई थोडा वेळ तारांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी दोन्ही सोडवल्या, अदलाबदल केली आणि पुन्हा जोडल्या. वारा समोरच्या मुलांच्या तोंडावर आला.

"अस्सं होय," बाई स्वतःशीच म्हणाल्या.

आचार्यांनी काचेचे कण जपून पोत्यावर झटकले आणि उपरणे खांद्यावर घेतले. "उद्याची तुकडी तू घे," ते शिष्याला म्हणाले.

शिष्याने होकारार्थी मान डोलावली. त्याची नजर बाईंच्या हातांवरून हलत नव्हती.